नुनो मेंडेस : पोर्तुगालच्या डाव्या बाजूच्या बचावपटूबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या शाळेच्या संघात ज्याला कुठेच बसवता येत नसे, त्याला लेफ्ट बॅकला उभं करत. मी तीन वर्षं तिथेच खेळलो. म्हणून जगातला सध्याचा सगळ्यात चांगला फुटबॉलपटू कोण, या वादात मी फारसा पडत नाही, पण सगळ्यात चांगला लेफ्ट बॅक कोण, हा विषय निघाला की गप्प बसवत नाही. गेल्या काही वर्षांत मैदानावर आणि ग्रुपवर नुनो मेंडेसबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले गेले, त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत.

नुनो मेंडेस कोण?

पोर्तुगालचा आणि पॅरिस सेंट-जर्मेन, म्हणजे पीएसजीचा, लेफ्ट बॅक. पूर्ण नाव नुनो अलेशांद्रे तावारेस मेंडेस. जन्म १९ जून २००२, लिस्बनला लागून असलेल्या सिंत्रा इथला. डावखुरा. पीएसजीत त्याच्या पाठीवर २५ नंबर असतो. वयाच्या तेविसाव्या वर्षापर्यंत त्याने पोर्तुगालची लीग, फ्रान्सची लीग, चॅम्पियन्स लीग (युरोपातल्या क्लबांची सर्वांत मोठी स्पर्धा) आणि देशासाठी नेशन्स लीग (युरोपातल्या देशांची स्पर्धा) असं सगळं जिंकलं होतं.

आडनाव कसं उच्चारायचं? मेंडेस, मेंदेस की मेंडिस?

पोर्तुगालमध्ये शेवटचा ‘स’ हा ‘श’कडे झुकतो आणि त्याआधीचा स्वर जवळजवळ गिळून टाकतात, त्यामुळे ऐकायला ‘मेंद्श’सारखं येतं. पहिलं नावसुद्धा ‘नूनु’ असं. मराठी वर्तमानपत्रांत मेंडेस लिहितात, इथेही तेच ठेवलं आहे. वसईच्या आणि गोव्याच्या लोकांना हे आडनाव नवं नाही. आपल्याकडचे मेंडिस ते हेच. वसई १७३९ पर्यंत आणि गोवा १९६१ पर्यंत पोर्तुगीजांकडे होता, त्या काळात बाप्तिस्म्याबरोबर आलेली ही आडनावं. नात्यागोत्याचा काही संबंध नाही, पण कॉमेंटेटर ‘मेंडेस’ म्हणाला की आमच्या भागात दोन-चार माना हमखास वर होतात.

तो अंगोलाचा की पोर्तुगालचा?

जन्म पोर्तुगालचा, घराण्याची मुळं अंगोलातली. अंगोला १९७५ पर्यंत पोर्तुगालची वसाहत होती. लिस्बनच्या आसपासच्या वस्त्यांमध्ये अंगोला, केप व्हर्दे, गिनी-बिसाऊ इथून आलेली खूप कुटुंबं आहेत आणि पोर्तुगालच्या संघातले कितीतरी खेळाडू याच वस्त्यांमधून आलेले आहेत. मेंडेस वयोगटाच्या संघांपासून पोर्तुगालसाठीच खेळला.

खेळायला कुठे शिकला?

सिंत्राजवळच्या देस्पेर्तार नावाच्या छोट्या क्लबमध्ये सुरुवात झाली. तिथून लहान वयातच स्पोर्टिंगने त्याला उचललं. लिस्बनमध्ये दोन मोठे क्लब, बेनफिका आणि स्पोर्टिंग. स्पोर्टिंगचं खरं धन म्हणजे त्यांची मुलं. फिगो, क्वारेज्मा, क्रिस्तियानो रोनाल्डो, नानी हे सगळे त्यांच्याकडे घडले. त्यांची अकादमी तेजो नदीपलीकडे आल्कोशेतला आहे आणि ती २००२ मध्ये सुरू झाली. मेंडेसच्या जन्माचंच वर्ष. आता त्या अकादमीला रोनाल्डोचं नाव दिलेलं आहे.

लहानपणी तो पुढे खेळायचा, बचावाला नंतर आला. हे त्याच्या खेळात अजून दिसतं. चेंडू पायाशी असताना तो बचावपटूसारखा घाबरत नाही. दाबात आला की बाहेर लाथाडून मोकळं होण्याऐवजी आधी वळायला जागा आहे का ते बघतो.

पहिल्या संघात कधी आला?

१२ जून २०२० रोजी, पासोस दे फेरेराविरुद्ध, अठरावा वाढदिवस आठवड्यावर असताना. कोविडमुळे स्टेडियम रिकामं. प्रशिक्षक रुबेन अमोरिम तेव्हा क्लबमध्ये नुकतेच आले होते आणि त्यांनी अनुभवी नावांपेक्षा अकादमीतल्या पोरांवर भिस्त ठेवली. पहिला गोल त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये, पोर्तिमोनेंसेच्या मैदानावर.

पुढचा हंगाम स्पोर्टिंगवाले विसरणार नाहीत. ११ मे २०२१ ला बोआविस्ताला १-० हरवून त्यांनी लीग जिंकली. तब्बल एकोणीस वर्षांनी. याआधीची लीग त्यांनी २००१-०२ च्या हंगामात जिंकली होती, म्हणजे मेंडेसचा जन्म व्हायच्या थोडं आधी. ज्या पोराने आपल्या क्लबला आयुष्यात कधी चॅम्पियन झालेलं पाहिलं नव्हतं, तो स्वतः डाव्या बाजूने धावत त्या संघाला चॅम्पियन करून गेला. मला त्याच्या सगळ्या पदकांमध्ये हे सर्वांत जवळचं वाटतं, चॅम्पियन्स लीगपेक्षाही.

विंग बॅक आणि लेफ्ट बॅक यात फरक काय?

अमोरिमच्या स्पोर्टिंगमध्ये मागे तीन सेंटर बॅक, म्हणजे मधले बचावपटू, असायचे. त्यांच्या बाहेर डावीकडची पूर्ण पट्टी, आपल्या कॉर्नरपासून त्यांच्या कॉर्नरपर्यंत, एकट्या मेंडेसची. याला विंग बॅक म्हणतात. चूक झाली तर मागे तिसरा सेंटर बॅक असतो. पीएसजीत मागे चौघे. तिथे तो लेफ्ट बॅक आहे, म्हणजे त्याच्या मागे फक्त गोलकीपर, आणि शेजारी विल्यन पाचो.

कागदावर जागा तीच दिसते. प्रत्यक्षात अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलाला एकदम दुसऱ्या जातीचं काम शिकावं लागतं. विंग बॅकला पुढे जाण्याचे पैसे मिळतात, लेफ्ट बॅकला आधी मागे राहण्याचे. पॅरिसच्या पहिल्या दोन वर्षांत त्याच्या काही चुका दिसल्या, त्या मला याच बदलातल्या वाटतात.

पॅरिसला किती पैशांत गेला?

३१ ऑगस्ट २०२१, ट्रान्सफर खिडकी बंद होण्याचा दिवस. आधी एका वर्षाच्या लोनवर, म्हणजे उसना, त्यासाठी ७० लाख युरो, आणि पुढे ४ कोटी युरोत कायमचा विकत घेण्याची मुभा. बदल्यात पाब्लो साराबिया लोनवर स्पोर्टिंगला आला. २०२२ मध्ये पीएसजीने ती मुभा वापरली. फेब्रुवारी २०२५ मध्ये करार २०२९ पर्यंत वाढवला.

तेव्हा पीएसजीत मेस्सी, नेमार, एम्बापे होते. वर्तमानपत्रांचे मथळे त्यांचे. मेंडेस गुपचूप पहिल्याच हंगामात फ्रेंच लीगच्या वर्षातल्या सर्वोत्तम संघात निवडला गेला.

मध्ये तो दिसेनासा का झाला होता?

मांडी. वेगवान खेळाडूचं भांडवल आणि कर्ज दोन्ही तिथेच असतं.

२०२१ च्या मार्चमध्ये अझरबैजानविरुद्ध पोर्तुगालसाठी पदार्पण झालं. त्या उन्हाळ्यात युरोच्या संघात नाव होतं, पण मैदानात उतरायची वेळ आली नाही. मग कतारचा विश्वचषक. २८ नोव्हेंबर २०२२, उरुग्वेविरुद्ध त्याला पहिल्या अकरांत घेतलं. मध्यंतराच्या थोडं आधी मांडी धरून तो खाली बसला. पोर्तुगाल २-० जिंकला, पण मेंडेस रडत बाहेर गेला आणि त्याचा विश्वचषक तिथेच संपला.

त्यानंतर २०२३ मध्ये मांडीच्या मागच्या स्नायूने, ज्याला सगळे हॅमस्ट्रिंग म्हणतात, पुन्हा दगा दिला. शस्त्रक्रिया झाली. थेट फेब्रुवारी २०२४ मध्ये तो परत खेळताना दिसला. हॅमस्ट्रिंगचं दुखणं ज्याने काढलंय त्याला हे सांगायला नको. चालताना काही वाटत नाही, जिना चढतानाही नाही. पूर्ण वेगात पाय लांब टाकला की कळतं, आणि नेमकी तीच गोष्ट लेफ्ट बॅकला एका मॅचमध्ये वीस-तीस वेळा करायची असते. त्याहून वाईट म्हणजे मनात बसलेली भीती. डॉक्टर बरा म्हणतात, पण पहिल्या मोठ्या धावेला खेळाडू स्वतःच अंग चोरतो.

लमिन यामालने त्याला एकदा धुतलं होतं ना?

हो. आणि हा प्रश्न टाळून मेंडेसची कहाणी सांगता येत नाही.

१६ एप्रिल २०२४, चॅम्पियन्स लीगची उपांत्यपूर्व फेरी, बार्सिलोनाच्या मैदानावर. मेंडेसला परतून जेमतेम दोन महिने झालेले. समोर बार्सिलोनाचा आणि स्पेनचा सोळा वर्षांचा यामाल. बाराव्या मिनिटाला यामाल उजवीकडून बाहेरच्या बाजूने त्याला सोडून गेला, चेंडू आत घातला आणि राफिन्याने गोल केला. पुढे बार्सिलोनाच्या अराउहोला लाल कार्ड मिळालं, दहा जणांत खेळताना यामालला बाहेर काढावं लागलं आणि पीएसजी ४-१ जिंकली. निकाल मेंडेसच्या बाजूने लागला, पण तो एक क्षण सगळ्यांच्या लक्षात राहिला.

ती धाव परत बघा. मेंडेस वेगात कमी पडत नाही. तो लवकर निर्णय घेतो. यामालने खांदा पाडला, त्याने शरीराचा भार एका पायावर टाकला, आणि भार टाकलेला पाय उचलायला जो अर्धा क्षण लागतो तेवढ्यात पोरगा निघून गेला. आमच्याकडे याला ‘पाय विकला’ म्हणायचे.

आता ८ जून २०२५ कडे या. म्युनिच, नेशन्स लीगची फायनल, पोर्तुगालविरुद्ध स्पेन. तोच यामाल, आता जगातला सगळ्यांत चर्चेतला खेळाडू. मेंडेसने त्या रात्री पाय विकलाच नाही. यामालला चेंडू मिळाला की हा दीड-दोन हात अंतर ठेवून, गुडघे वाकवून, अंग तिरकं करून उभा. उजवा पाय थोडा पुढे, कारण यामालला आत वळून डाव्या पायाने मारायला आवडतं, आणि तो दरवाजा आधी बंद करायचा होता. बाहेर जायचं तर जा, तिथे मी तुझ्याबरोबर धावतो. यामाल थांबला की हाही थांबायचा. दोघंही थांबले की मागून पोर्तुगालचा दुसरा माणूस मदतीला पोचायचा आणि यामालला चेंडू मागे द्यावा लागायचा. जादा वेळेत स्पेनने यामालला बाहेर बोलावलं. मेंडेस शेवटपर्यंत मैदानात होता.

त्या फायनलमध्ये त्याने गोलही केला होता का?

केला, आणि तो त्याचा पोर्तुगालसाठीचा पहिलाच गोल. सुबिमेंदीने स्पेनला पुढे नेलं. पाचच मिनिटांत, २६ व्या मिनिटाला, पेद्रो नेतोकडून चेंडू घेऊन मेंडेस डावीकडून बॉक्समध्ये शिरला आणि डाव्या पायाने जमिनीलगत, गोलकीपर उनाय सिमोनला ओलांडून पलीकडच्या कोपऱ्यात मारला. ओयार्साबालने मध्यंतराआधी स्पेनला पुन्हा पुढे नेलं. ६१ व्या मिनिटाला मेंडेस पुन्हा डावीकडून सुटला, क्रॉस बचावपटूला लागून हवेत उडाला आणि रोनाल्डोने बरोबरी केली. चारच दिवसांपूर्वी जर्मनीविरुद्धच्या उपांत्य सामन्यात रोनाल्डोच्या विजयी गोलला चेंडू देणाराही हाच.

२-२ वर पेनल्टी आल्या. पोर्तुगालच्या पाचही जणांनी मारल्या, चौथी मेंडेसची. मोराटाची पेनल्टी दियोगो कोस्ताने अडवली. पोर्तुगाल दुसऱ्यांदा नेशन्स लीग विजेता, आणि स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू मेंडेस. त्या स्पर्धेत रोनाल्डो, ब्रुनो फर्नांडिस, यामाल, पेद्री असे सगळे असताना बक्षीस एका लेफ्ट बॅकला मिळालं, हे वाचून मी दोन वेळा खात्री केली होती.

२०२५ ची चॅम्पियन्स लीग पीएसजीने जिंकली. त्यात त्याचा वाटा किती?

मार्चमध्ये लिव्हरपूल. त्यांचा मोहम्मद सलाह तेव्हा आयुष्यातल्या उत्तम फॉर्ममध्ये, प्रीमियर लीगमध्ये गोलांचा पाऊस पाडत होता. दोन्ही सामने मिळून २१० मिनिटांच्या खेळात त्याला एकही गोल करता आला नाही. पॅरिसमध्ये तर त्याला शेवटच्या मिनिटांत बाहेर काढलं आणि त्याच्या जागी आलेल्या हार्वी एलियटने येताच गोल मारला. ती मॅच पीएसजी ०-१ हरली, लिव्हरपूलच्या मैदानावर, अॅनफिल्डवर, १-० जिंकली आणि पेनल्टीत पुढे गेली.

एप्रिलमध्ये अॅस्टन व्हिला. इथे मेंडेसने दोन्ही सामन्यांत गोल केले. पहिल्यात जादा मिनिटांत, बॉक्समध्ये शिरून, बचावपटूला हुल देऊन. दोन्ही सामने मिळून निकाल ५-४. लेफ्ट बॅकचे दोन गोल वजा करून बघा.

मग आर्सेनल, समोर बुकायो साका. साकाने दुसऱ्या सामन्यात एक गोल केला, तो लपवण्यात अर्थ नाही, पण पीएसजी दोन्ही सामने जिंकली. ३१ मे ला म्युनिचमध्ये इंटर मिलानविरुद्ध ५-० अशी फायनल. चॅम्पियन्स लीगच्या फायनलमधला हा सगळ्यात मोठ्या फरकाचा विजय. आठ दिवसांनी नेशन्स लीगची फायनल त्याच स्टेडियममध्ये झाली. एकाच गवतावर आठ दिवसांत दोन मोठे चषक.

आपल्याकडे दोन्ही फायनल मध्यरात्र उलटून साडेबाराला सुरू झाल्या. दुसरी तर पेनल्टीपर्यंत गेली, झोपायला चहाची वेळ झाली.

मग त्याचं बलस्थान वेगच ना?

वेग आहेच, पण वेग तर २०२२ मध्येही होता. बदललं ते थांबणं. लुइस एन्रिके २०२३ मध्ये पीएसजीचे प्रशिक्षक झाले. त्यांच्या संघात पुढचे खेळाडूही चेंडू गेला की लगेच मागे दाब देतात, त्यामुळे मेंडेसला पूर्वीसारखं एकट्याने घाईत सगळं मिटवावं लागत नाही. उशीर लावला तरी मदत येणार हे त्याला माहीत असतं. वेगवान बचावपटू सहसा वेगावर विसंबून चुका करतो, कारण चूक झाली तरी धावून निस्तरता येते. मेंडेसने वेग शेवटच्या उपायासाठी राखून ठेवायला सुरुवात केली. माझ्या मते सगळी कहाणी एवढीच आहे, आणि मांडीच्या दुखण्याने घालवलेलं वर्ष यात कामी आलं असावं असं मला मनापासून वाटतं. ज्याला पळता येत नाही त्याला उभं राहून बघायला भरपूर वेळ मिळतो.

दुसरं म्हणजे पीएसजीचा राईट बॅक अशरफ हकिमी. उजवीकडून तो इतका पुढे जातो की मेंडेसला कधी जायचं आणि कधी पाचोजवळ थांबायचं याचा हिशेब सतत मांडावा लागतो. दोघेही एकाच वेळी पुढे गेलेत आणि मागे भगदाड पडलंय, असं आता क्वचित दिसतं.

त्याच्यात काही कमी आहे की नाही?

आहे. दूरच्या खांबाकडे येणाऱ्या उंच चेंडूंवर अजून कधी कधी त्याची माणसावरची नजर सुटते. उजवा पाय चालतो, पण डाव्याइतका नाही. सर्वांत मोठी काळजी शरीराची. नोव्हेंबर २०२५ मध्ये बायर्न म्युनिचविरुद्ध गुडघा लचकून तो पुन्हा काही आठवडे बाहेर बसला. जानेवारीपासून जूनपर्यंत सलग खेळलेला एखादा हंगाम त्याला अजून जास्त वेळा मिळायला हवा.

पेनल्टी नेहमी तोच मारतो का?

मॅचमध्ये नाही, पण शूटआऊटमध्ये त्याचं नाव असतं. युरो २०२४ च्या उपांत्यपूर्व फेरीत फ्रान्सविरुद्ध पोर्तुगाल हरला, जुआँव फेलिक्सचा चेंडू खांबाला लागला, पण मेंडेसने आपली मारली होती. नेशन्स लीगचं वर सांगितलं. ऑगस्ट २०२५ मध्ये उदिनेला सुपर कपमध्ये पीएसजी टॉटनहॅमविरुद्ध ०-२ वरून परत आली आणि शेवटची, विजयाची पेनल्टी मेंडेसने मारली.

बॅलन डी’ऑरमध्ये कितवा आला?

वर्षातल्या सर्वोत्तम फुटबॉलपटूच्या या बक्षिसाच्या यादीत २०२५ मध्ये दहावा. ओस्मान डेम्बेले पहिला, यामाल दुसरा. बचावपटूंमध्ये फक्त हकिमी त्याच्या पुढे. त्याच वर्षी जगभरच्या खेळाडूंनी मतं देऊन निवडलेल्या फिफप्रोच्या अकरांत लेफ्ट बॅक म्हणून त्याचंच नाव होतं. मला खेळाडूंचं मत जास्त मोलाचं वाटतं, कारण त्यांना त्याच्या समोर उभं राहावं लागतं.

माझा मुलगा लेफ्ट बॅक खेळतो. त्याला कोणती मॅच दाखवू?

१ ऑक्टोबर २०२५ ची, बार्सिलोना विरुद्ध पीएसजी. पुन्हा यामाल समोर. बार्सिलोना १-० ने पुढे असताना मेंडेस आपल्या अर्ध्यातून चेंडू घेऊन निघतो, डावीकडून मधल्या सगळ्यांना मागे टाकत जातो आणि सेनी मायुलूला पास देतो. १-१. शेवटी रामोसच्या गोलने पीएसजी जिंकते.

पण मुलाला तो गोल आधी दाखवू नका. पहिली वीस मिनिटं लावा आणि त्याला सांगा की चेंडूकडे बघायचं नाही, फक्त २५ नंबरच्या पायांकडे बघायचं. यामालकडे चेंडू आला की मेंडेसचा कुठला पाय पुढे आहे, अंतर किती आहे, आणि तो किती वेळा चेंडू काढायला जात नाही, ते वहीत मोजायला लावा. मग मैदानावर नेऊन त्याच्यासमोर संघातला सगळ्यात चपळ पोरगा उभा करा आणि दहा वेळा फक्त उशीर लावायला सांगा, चेंडू काढायला नाही.